लाख तांदळांचा हिशेब

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस अलिबागला आमच्या आळीतल्या मंडळाने आरोग्य तपासणीचे शिबिर भरवले होते. एका टेबलाशी उंची मोजायची, दुसऱ्याशी वजन, आणि तिसऱ्या टेबलामागे बसलेली एक चुणचुणीत मुलगी कॅल्क्युलेटरवर बोटे फिरवून हातात चिठ्ठी देत होती. माझी उंची 168 सेंटिमीटर, वजन 64 किलो. चिठ्ठीवर आकडा आला 22.7 आणि पुढे शेरा, नॉर्मल. सदतीस वर्षे बँकेत काढलेला मी. शेरा अनुकूल असला की बरे वाटतेच.

माझ्या मागे आमच्या दारी मासळी घेऊन येणारी कोळीण उभी होती. तिची उंची 150 सेंटिमीटर, वजन 60 किलो. आकडा 26.7, शेरा वजन जास्त. ती कावरीबावरी झाली. मला बाजूला घेऊन हळूच विचारू लागली, की आता भाकरी सोडायची का, भात सोडायचा का. मला उत्तर सुचेना. कारण मला गेली पाच वर्षे मधुमेह आहे, रोज दोन गोळ्या चालू आहेत, आणि जिना चढताना मला धाप लागते. ती बाई डोक्यावर भरलेली पाटी घेऊन सकाळभर दारोदार फिरते आणि पुढच्याच टेबलावर तिची साखर अगदी व्यवस्थित निघाली होती. म्हणजे रोग्याला शेरा चांगला आणि धडधाकट बाईला वाईट!

या आकड्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात, बीएमआय. गणित साधे आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. उत्तर 18.5 च्या खाली आले तर माणूस रोडका, 25 च्या वर गेले तर वजनदार, 30 च्या वर लठ्ठ. आता हा आकडा मोबाईलवर येतो, विम्याच्या अर्जावर येतो, शाळेच्या आरोग्यपत्रिकेवर येतो. घरोघरी मुली त्याच्या धास्तीने ताट अर्धे सोडून उठतात.

त्या दिवशी चिठ्ठी खिशात घालून घरी येताना मला आठवण झाली ती आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची. हा माणूस जन्मभर हाडकुळा राहिला, तारुण्यापासून प्रकृतीने नाजूक, पोटात व्रण. एकदा तर त्याचे वजन 88 पौंडांवर, म्हणजे सुमारे 40 किलोंवर आले होते. तोच पुढे तेरा वर्षे भारतभर पायी चालला आणि सत्त्याऐंशी वर्षे जगला. आचार्य विनोबा भावे.

नोकरीत असताना मी तीन वर्षे पेणच्या शाखेत होतो. गणपतीचे कारखानदार, मिठागरवाले, भाताचे बागायतदार अशी आमची खातेदार मंडळी. वसुलीसाठी पेणहून खोपोलीच्या रस्त्याला लागले की गागोदे लागते. खाडीचा खारा वारा तिथवर पोहोचेपर्यंत विरतो आणि डोंगर जवळ येतात. या गागोद्यात 11 सप्टेंबर 1895 रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव 1981 साली मिळाले.

वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला असत. लहानगा विनायक गागोद्याला आजोबांजवळ आणि आईजवळ वाढला. आजोबा शंभुराव व्रतस्थ गृहस्थ. ते चांद्रायण करीत. चंद्राच्या कलेबरोबर रोज एक घास वाढवायचा, पौर्णिमेला पंधरा, मग पुन्हा एकेक कमी करीत अमावास्येला उपास. चंद्र रात्री उशिरा उगवला की आजोबा पूजा करीत आणि झोपलेल्या नातवाला उठवून प्रसाद देत. घास मोजून खाण्याचा संस्कार या मुलावर असा अर्धवट झोपेत झाला.

आई रुक्मिणीबाई फारशी शिकलेली नव्हती. परसातला फणस फोडला की पहिले गरे शेजाऱ्यांच्या घरी जायचे आणि ते पोहोचवायचे काम विन्याचे. या माउलीने एकदा देवाला लाख तांदूळ वाहण्याचा नेम धरला. रोज थोडे तांदूळ घेऊन एकेक दाणा मोजून देवापुढे ठेवायचा. नरहरपंत विज्ञानाचे भोक्ते, हिशेबी. त्यांनी सुचवले, की एक तोळा तांदूळ घ्यावेत, त्यात दाणे किती ते एकदाच मोजावे, त्यावरून लाख दाण्यांचे वजन काढावे, आणि चूकभूल म्हणून अर्धा तोळा जास्त घालावेत. हिशेब बिनतोड होता. आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी तिने मुलाला विचारले. मुलाने सांगितले, की वडिलांचे गणित चुकीचे नाही, पण हे काम गणिताचे नव्हे. एकेक दाणा उचलताना देवाचे स्मरण व्हायचे असते, म्हणून दाणे मोजलेच पाहिजेत. आईला ते पटले आणि नेम तसाच चालू राहिला.

ही गोष्ट मी लहानपणी भक्तीची म्हणून ऐकली होती. परवा शिबिरातून येताना ती मला निराळीच दिसली. नरहरपंतांची रीत ढिगाची होती आणि आईची दाण्याची. ढीग किती हे जाणायचे तर सरासरी पुरते. पण हा एक दाणा कसा आहे, अखंड की तुटका, भरीव की पोचट, हे सरासरीला ठाऊक नसते.

हा बीएमआयसुद्धा ढिगासाठीच जन्माला आला. त्याचा जनक डॉक्टर नव्हता. अॅडॉल्फ केटले हा बेल्जियमचा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ, जन्म 1796, मृत्यू 1874. ताऱ्यांच्या निरीक्षणांतल्या चुका ज्या गणिताने सांभाळायच्या तेच गणित त्याने माणसांना लावले. सैनिकांच्या छातीचे घेर, लोकांच्या उंच्या, वजने असे आकडे गोळा करून तो सरासरी माणूस शोधत होता. त्यात त्याला आढळले, की मोठ्या माणसांत वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. निरोगी कोण आणि रोगी कोण हा त्याचा प्रश्नच नव्हता. पुढे आयुर्विमा कंपन्यांनी उंची-वजनाचे तक्ते केले. मग 1972 साली अॅन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने निरनिराळ्या देशांतल्या हजारो पुरुषांची मोजमापे तपासली, केटलेचे जुने सूत्र त्यातल्या त्यात सोयीचे ठरवले आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले. म्हणजे सूत्र जुने, नाव नवे, आणि दोन्ही वेळा समोर होता तो माणसांचा ढीग.

आता पुन्हा विनोबांकडे येऊ. गणित हा त्यांचा जन्मभराचा जिव्हाळ्याचा विषय. तरी 1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा विद्यार्थी सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीला गेला. तिथून 7 जून 1916 रोजी अहमदाबादला कोचरबच्या आश्रमात गांधीजींना भेटला. पहिल्याच भेटीत गांधीजींच्या नजरेत भरली ती त्याची अशक्त प्रकृती. वर्षभरातच प्रकृतीसाठी त्याला रजा घ्यावी लागली. वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे अध्ययन, आणि जोडीला शरीराची मशागत. रोज दहा-बारा मैल चालणे, जात्यावर शेरांनी दळण, पुढे तीनशे सूर्यनमस्कार. गांधीजींना पाठवलेल्या पत्रात या साऱ्याचा चोख जमाखर्च त्याने दिला. रजा संपली त्या दिवशी तो आश्रमात हजर झाला. त्याच वर्षी, 1918 च्या साथीत, आई गेली.

1921 साली वर्ध्याचा आश्रम चालवायला विनोबा आले. सूत, चरखा, टकळी, शेतातले श्रम, अध्यापन, तुरुंग. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने झाली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे आपण सारे जाणतोच. त्याच सुमारास नालवाडीला विनोबांनी स्वतःवर एक कठोर प्रयोग सुरू केला. कातणाऱ्या मजुराला जी मजुरी मिळते तेवढ्यातच आपले पोट भरायचे. दिवसचे दिवस कातण्यात जात आणि मिळकत होई काही आण्यांची. मजुराला जे सोसावे लागते ते आपल्याला सोसता आलेच पाहिजे, हा आग्रह. मन सोसत होते, शरीर सोसेना. 1938 साली वजन 88 पौंडांवर आले.

इथे मी कॅल्क्युलेटर काढला. 40 किलो वजनाचा माणूस पाच फूट उंच धरला तर निर्देशांक 17 येतो, आणि साडेपाच फूट धरला तर 14. कसेही धरा, आकडा धोक्याचाच. आणि तो खरा होता. विनोबा त्या वेळी खरोखर आजारी होते. या आकड्याला सरसकट खोटा ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. टोकाला गेले की तो बहुधा बरोबर बोलतो.

गांधीजी काळजीत पडले. त्यांना विनोबांवर स्वतः देखरेख करायची होती, डॉक्टरांना दाखवायचे होते. विनोबांनी निराळा मार्ग धरला. वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीच्या काठी जमनालाल बजाज यांचा बंगला रिकामा होता. 7 मार्च 1938 रोजी ते तिथे राहायला गेले. नदीचा पूल ओलांडताना त्यांनी संस्थांच्या साऱ्या चिंता सोडून दिल्याचा संकल्प केला. कामाचे विचार बंद. मग हातात कुदळ घेतली. पहिल्या दिवशी काही मिनिटेच खणले. दुसऱ्या दिवशी थोडे जास्त. दमले की थांबायचे. असे करता करता तासांवर गेले. त्याच खोदाईत भरत-रामाच्या भेटीची जुनी मूर्ती सापडली. ती आजही पवनारच्या आश्रमात आहे. आणि काही महिन्यांत विनोबांचे वजन 128 पौंडांवर, म्हणजे 58 किलोंवर गेले.

चाळीस पौंड वाढले! हेच चाळीस पौंड मी बँकेत खुर्चीवर बसून, चहा-बिस्किटे आणि पेणचे पोह्याचे पापड खात वाढवले असते, तरी बीएमआयच्या वहीत नोंद तीच झाली असती. पण कुदळीने कमावलेले मांस आणि खुर्चीने साठवलेली चरबी ही काही एक वस्तू नव्हे. आमच्या बँकेच्या भाषेत सांगतो. दोन दुकानांच्या ताळेबंदाची बेरीज अगदी सारखी असू शकते. एकाकडे जिवंत माल असतो, दुसऱ्याकडे बुडीत येणी. नुसती बेरीज पाहून कर्ज देणारा मॅनेजर फार दिवस खुर्चीवर राहत नाही.

आपल्या देशातल्या माणसांबाबत हा फरक फार महत्त्वाचा आहे, आणि तो जगाला दाखवून देण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आपला जोडीचा फोटोच छापला. दोघांचा बीएमआय तोच, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के, दुपटीहून अधिक. डॉ. याज्ञिकांच्या चमूने 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा पाठपुरावा केला. आपले बाळ जन्मते ते सरासरी 2.7 किलोंचे, इंग्लंडातले साडेतीन किलोंचे. पण आपल्या बाळात कमी भरते ते मांस. चरबी बरीचशी राखलेली असते. हातपाय काटकुळे आणि चरबी आत लपलेली, असे हे शरीर. म्हणूनच त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियातल्या लोकांनी 23 पासूनच सावध व्हावे असे सुचवले.

माझा आकडा 22.7. उंबरठ्याच्या आत, म्हणून मी निर्धास्त. शिबिरातल्या त्या मुलीने माझ्या कमरेला टेप लावली असती तर ती 96 सेंटिमीटर भरली असती. भारतीय पुरुषाला 90 आणि स्त्रीला 80 ही मर्यादा आपल्याकडच्या तज्ज्ञांनी सांगितली आहे. माझी बुडीत येणी पोटावर जमा होती आणि ताळेबंद मात्र झकास दिसत होता.

विनोबांच्या चरित्रातला यापुढचा भाग साऱ्यांना ठाऊक आहे, पण तो शरीराच्या बाजूने क्वचितच पाहिला जातो. 8 मार्च 1951 रोजी ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनासाठी पायीच निघाले. वय पंचावन्न. 18 एप्रिलला तेलंगणात पोचमपल्लीला भूमिहीन हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदान सुरू झाले. मग उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा, दक्षिण, महाराष्ट्र, पीर पंजाल ओलांडून काश्मीर, चंबळचे दरोडेखोर, आसाम. पहाटे काळोखात कंदील घेऊन निघायचे, दहा-बारा मैल चालायचे, सभा घ्यायची. पोटातल्या व्रणामुळे जेवण असे नाहीच. दूध-दह्यासारखे हलके अन्न थोडे थोडे, पण अनेक वेळा. 1952 च्या डिसेंबरात चांडिलला मलेरियाने प्राणांशी गाठ घातली. आधी औषध नको म्हणणाऱ्या विनोबांनी अखेर ते घेतले. बरे झाले आणि पुन्हा चालू लागले. 1964 च्या एप्रिलमध्ये पवनारला परतले तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते.

या तेरा वर्षांत वजनकाट्याने त्यांच्याविषयी काय सांगितले असते? रोडका म्हातारा, एवढेच. गांधीजींचेही तसेच. 1939 सालच्या नोंदीप्रमाणे त्यांचे वजन 46.7 किलो आणि उंची 165 सेंटिमीटर, म्हणजे निर्देशांक सुमारे 17. आणि गंमत अशी, की एवढ्या सडपातळ माणसाला रक्तदाबाचा त्रास होताच.

पण यावरून रोडकेपणाचेच गोडवे गायला लागू नये. गागोद्याच्या आसपासच्या वाड्यांवर ठाकूर आहेत, कातकरी आहेत. त्यांच्यातल्या कितीकांची हाडे व्रतामुळे वर आलेली नाहीत. कर्जमाफीच्या कागदांवर अंगठे घेताना ते हात मी हातात धरले आहेत. विनोबांचा घास मोजका होता तो त्यांनी स्वतः मोजला म्हणून. त्या माणसांचा घास परिस्थितीने मोजला. काट्यावर दोघांचे वजन एकच भरेल. विनोबांनी जन्मभर पायपीट केली ती हा फरक मिटावा म्हणून.

आणि सरळ सांगायचे तर, ढिगाच्या आकड्याने विनोबांनाही चकवले. पाच कोटी एकरांचे लक्ष्य होते, चाळीस लाखांवर एकर कागदावर मिळाले. त्यात खडकाळ जमीन होती, वादातली होती, देणाऱ्याच्या नावावरच नसलेलीही होती. पुष्कळशी जमीन वाटलीच गेली नाही. ज्या मुलाने आईला दाणा दाणा मोजायला सांगितले, त्याच्या चळवळीत एकर मात्र ढिगाने मोजले गेले. एवढे मोठे माणूसही एकूण आकड्याच्या मोहातून सुटले नाही, मग तुमचीआमची काय कथा!

1982 च्या नोव्हेंबरात विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांनी अन्न, पाणी, औषध थांबवले आणि 15 नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, पवनारला देह ठेवला. मी तेव्हा बँकेत नुकताच चिकटलो होतो. शाखेतल्या रेडिओवर बातमी लागली तेव्हा कॅशियरने नोटा मोजता मोजता हात थांबवल्याचे आठवते. आजोबांच्या चांद्रायणात अमावास्येला शून्य घास असतो. विनोबांनी तो हिशेबही स्वतःच पुरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीण बोंबील आणि सुरमई घेऊन दारात आली. पाटी उतरवायला मी हात दिला आणि माझ्या खांद्यात कळ आली. तिला सांगितले, की भाकरी सोडू नकोस. चिठ्ठी फेकूनही देऊ नकोस. ती ढिगाची चिठ्ठी आहे. सरकारला, डॉक्टरांना गावाचे मोजमाप करायला उपयोगी. तुझ्यापुरते वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपास, कमरेला टेप लाव, आणि वजन अचानक घटले किंवा वाढले तर डॉक्टरांकडे जा. तिने सारे ऐकून घेतले, माझ्या पोटाकडे एकदा पाहिले आणि पदराआड हसली.

तेव्हापासून मी सकाळी किनाऱ्यावर जाऊ लागलो आहे. ओहोटी असली की कुलाबा किल्ल्याच्या दिशेने वाळूत चालतो. पहिल्या दिवशी दहा मिनिटे चाललो. रोज थोडे वाढवतो. दमलो की थांबतो. कुदळ हातात घ्यायचे धैर्य अजून झालेले नाही. पण पावले मात्र मोजतो, एकेक.